पाठीवरच्या सात पिना

आमच्या मालिकेत कोण किती दिवस टिकणार हे माझ्या सुईकडे बघून कळतं. जो टिकणार, त्याच्या कपड्यांना मी पक्की शिलाई मारते. जो दोन-चार दिवसांचा पाहुणा, त्याचे कपडे पाठीमागून ओढून घेते आणि सेफ्टी पिना लावते. समोरून सगळं झकास दिसतं. फक्त कॅमेऱ्याला पाठ दाखवायची नाही. अकरा वर्षं मी हा कपडेपट सांभाळतेय. तेवढ्या काळात मालिकेतल्या थोरल्या सुनेची तीन लग्नं झाली, धाकटा मुलगा दोनदा मेला आणि दोन्ही वेळा परत आला, पण माझा हा नियम काही बदलला नाही.

ती आली तेव्हा तिच्या कागदावर ‘नर्स, तीन दिवस’ एवढंच लिहिलेलं होतं. आम्ही तिला पाहुणीच म्हणायला लागलो. चाळिशी उलटलेली, चणीने बारकी, चपलांच्या दुकानात नोकरी करणारी बाई. हौशी नाटकांतून कामं केलेली, पण कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभी राहत होती. दुकानाच्या मालकाकडून तीन दिवसांची रजा काढून आली होती. कपाटातला नर्सचा गणवेश कुणा धिप्पाड बाईच्या मापाचा होता, त्यात अशा दोन पाहुण्या मावल्या असत्या. मी तिच्या पाठीवर सात पिना लावल्या आणि दम भरला, “पाठ फिरवलीस तर माझ्याशी गाठ आहे.”

“नाही फिरवणार, ताई,” ती म्हणाली. आणि वर विचारते, “दिवसभर वाकून तुमची कंबर दुखत असेल ना?”

तोवर हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. असल्या गोडबोल्या मी ढिगाने पाहिल्या आहेत.

तिला सांभाळायचे होते आजोबा. आमच्या मालिकेतले आजोबा, पहिल्या भागापासूनचे. बाहेरही त्यांना सगळे आजोबाच म्हणतात. पूर्वी दोन-दोन पानं एका दमात म्हणणारा हा माणूस, पण वर्षभरापासून शब्द त्यांना दगा द्यायला लागले होते. कुणी हळूच वाक्य सुचवलं तर तळपायाची आग मस्तकात जायची. “मला सुचवता? मला?” म्हणून ओरडायचे, आणि मग उरलंसुरलंही विसरायचे. पाहुणीच्या पहिल्या दोन दिवसांत त्यांनी एकेका दृश्याचे चौदा-चौदा टेक घ्यायला लावले. तेव्हा वरून ठरलं, की तिसऱ्या दिवशीही असंच झालं तर आठवड्याच्या शेवटी आजोबा झोपेत जाणार. भिंतीवर लावायच्या त्यांच्या फोटोची चौकटसुद्धा बनवून झाली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते काय दुधखुळे होते? सकाळी कपडेपटात आले आणि म्हणाले, “शाल आज जरा नीट घाला हं.”

तिसऱ्या दिवशीचं दृश्य असं: ज्या मुलाला आजोबांनी घराबाहेर काढलं, तो वीस वर्षांनी समोर उभा, आणि आजारी आजोबा पलंगावरून त्याची माफी मागतात. दीड पानाचं भाषण. मग नर्सचं अर्धं पान, आणि शेवटी आजोबांचं एकच वाक्य. ते अर्धं पान म्हणजे पाहुणीची पहिली आणि शेवटची संधी. माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून तिने ते आजोबांच्या भाषणासकट इतक्यांदा घोकलं होतं, की मलाही पाठ झालं होतं.

कॅमेरा सुरू झाला. आजोबा छान बोलत होते. “मी तुला घराबाहेर काढलं, तेव्हा...” म्हणाले आणि अडकले. डोळे भिरभिरायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं.

आणि त्या बाईने पाठ फिरवली. सरळ वळली, पलंगाच्या कडेला बसली, नाडी बघितल्यासारखं आजोबांचं मनगट धरलं आणि तोंड त्यांच्यासमोर आणलं. कॅमेऱ्याला दिसत होती तिची पाठ, कापडाचा हा एवढा मोठा गोळा आणि ओळीने माझ्या सात पिना. माझं रक्त उकळलं. पण आजोबा बोलायला लागले होते. न अडखळता, एकेक शब्द आतून ओढून काढावा तसं. दीड पान संपलं. आता तिचं अर्धं पान यायचं, पण त्यासाठी तिला कॅमेऱ्याकडे वळावं लागलं असतं. ती वळली नाही. आपलं अर्धं पान गिळून तशीच बसून राहिली, आणि आजोबांनी शेवटचं वाक्य म्हटलं. मुलगा झालेला नट खराखुरा रडत होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दिग्दर्शकाने पडद्यावर दृश्य पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “काकू, हे काय?”

मी तरातरा मेकअपच्या खोलीत गेले. “एक, एकच गोष्ट सांगितली होती तुला!”

“चुकलंच, ताई,” ती म्हणाली. “पण दुसरं काही सुचलं नाही. माझ्या सासूबाई शेवटीशेवटी शब्द विसरायच्या. मोठ्याने सांगितलं की रडायच्या. मग मी आवाज न करता नुसते ओठ हलवायचे. मग आपल्यालाच आठवल्यासारखं बोलायच्या. सात वर्षं आमचं असंच चाललं.”

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला माझीच लाज वाटली. ज्या बाईला मी फक्त पाठ न फिरवायला सांगत होते, ती किती मोठी आहे हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

उठले आणि दिग्दर्शकाकडे गेले. “चूक माझी आहे, माझा पगार कापा,” म्हटलं. “पण हे परत घेऊ नका. आजोबांकडून परत होणार नाही.” तो डोकं धरून बसला. आमची लेखिका कोपऱ्यात बिस्किटं खात होती. ती म्हणाली, “पिना राहू द्या. पिनांना कारण मी देते.”

तिने दिलं. पुढच्या भागात मुलगा नर्सला विचारतो, गणवेश एवढा ढगळ का? ती सांगते, “माझ्या बहिणीचा आहे. ती आजारी पडली आणि तिच्या जागी मी लागले. ती म्हणाली, कापू नकोस, बरी झाले की मलाच लागेल. म्हणून पिना लावते.” एवढंच बोलली, पण घराघरांत बायकांनी डोळे पुसले. तीन दिवसांची पाहुणी तीन वर्षं झाली तरी इथेच आहे. चपलांचं दुकान सुटलं. आजोबा पलंगावर आहेत, रोज बोलतात, आणि ती रोज कॅमेऱ्याला पाठ करून त्यांच्यासमोर ओठ हलवत बसते. त्यांच्या फोटोसाठी बनवलेल्या त्या चौकटीत आता आरसा बसवलाय.

मला एकदा वाटलं, हिला आता पक्की शिलाई मारावी. दिग्दर्शक ओरडला, पिनांना हात लावायचा नाही! तेव्हा माझा सगळ्यात टिकाऊ माणूस आजही सात पिनांवर आहे.

परवा एक पत्रकारबाई आली होती. आजोबा पाहुणीकडे बोट दाखवून तिला ऐटीत सांगत होते, “ही आली तेव्हा कॅमेऱ्याला पाठ करायची नसते एवढंही ठाऊक नव्हतं हिला. मी सांभाळून घेतलं.”

माझ्या तोंडात पिना होत्या, नाहीतर मी बोललेच असते. पाहुणीने हळूच माझं मनगट दाबलं आणि पत्रकारबाईला म्हणाली, “खरंय. आजोबा होते म्हणून निभावलं.”

मी सातवी पिन लावली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“जा,” म्हटलं, “ते वाट बघताहेत. आणि पाठ खुशाल फिरव.”