श्यामलाचा उजवा हात

वाती निम्म्या वळून झाल्या होत्या. देवासमोर बसून तळव्यावर कापूस फिरवत होते, तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेचा, श्यामलाचा फोन आला.

"ताई, वातींचा कापूस आहे का? येताना थोडा आणा."

"कशाला गं?"

"हातावरून फिरवायला. आणि झारीचं बोलायचंय."

वळलेल्या वाती डबीत टाकल्या, उरलेला कापूस पिशवीत भरला, नारायण पेठेतून चालत मनपाला गेले आणि विश्रांतवाडीची बस धरली. वाटभर मनात एकच, आता हिला काय सांगायचं?

श्यामलाचा हात कसा होता ते आधी लिहिते. आमच्या सगळ्या घरात रांगोळी काढावी तर तिनंच. ठिपके मांडत बसायची नाही. चिमटीतून रेघ अशी सुटायची की वाटावं, ती फरशीत आधीपासूनच होती, हिनं नुसती वर आणली. जीभही तशीच सरळ, कुणाची भीडभाड नाही.

मागच्या वर्षी धानोरी रस्त्यावर स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, हाड सांधलं. सुटलीस बाई, असं सगळे म्हणाले. खरं दुखणं तिथून सुरू झालं.

पंख्याचा वारा लागला तरी आग. भांडी घासताना साबणाचा फेस लागला तरी चटका. पदर घसरून मनगटावर पडला की ओठ दाबून डोळे मिटून घ्यायची. एक्सरे झाले, एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. मी देवापुढे साखर ठेवली. श्यामला मात्र म्हणाली, "काहीतरी निघायला हवं होतं हो ताई. आता माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

झालंही तसंच. कुणी म्हणालं मनाचं आहे, कुणी म्हणालं कामं टाळायला बरं. तिचे यजमान, रंगनाथभावोजी, तोंडावर काही बोलले नाहीत. "आता वर्ष झालं त्याला" एवढं मात्र येताजाता म्हणू लागले.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला आणि ती किंचाळली. मी सोबत होते. बाईंनी समजावून सांगितलं, "तुमच्या बिल्डिंगमध्ये कधी बेलचं बटण अडकलंय का? दारात कोणी नसतं, तरी बेल वाजतच राहते. तुमचं हाड बरं झालंय, पण नसांची बेल अडकलीय. त्या इतक्या हळव्या झाल्यात की कापूससुद्धा त्यांना विस्तव वाटतो. दुखणं खरं आहे."

'खरं आहे' एवढं ऐकून श्यामला तिथंच रडली.

रोज थोडा वेळ हातावरून कापूस फिरवायचा, सोसवेल तेवढाच. मग मऊ कापड, मग टॉवेल. हात लपवून ठेवायचा नाही. बरं कधी वाटेल, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

आणि आता येत्या रविवारी तिच्या ऋतिकाचं लग्न. बस्ता झाला, आमंत्रणं गेली. श्यामलाला धास्ती एकच, कन्यादानाची. बापाच्या, मुलीच्या, जावयाच्या एकावर एक धरलेल्या हातांवर आईनं उजव्या हातानं झारीतून पाण्याची धार धरायची असते.

परवा चुडा भरायला कासारीण घरी आली. श्यामलानं डावा हात पुढे केला. उजवा पदराखाली.

"आता उजवा द्या."

"उजव्याला नको."

आमच्या थोरल्या नणंदबाई, शालूवन्सं, शेजारीच बसल्या होत्या. "मुलीच्या लग्नात आईचा एक हात भुंडा? अगं, बांगडीच आहे. डोळे मिटून घे," असं म्हणत त्यांनी स्वतःच तिचं मनगट धरून पुढे ओढलं. मनात वाईट काही नव्हतं. दिवाळीत तिच्या हातासाठी तिळाचं तेल घेऊन आल्या होत्या, त्या याच.

श्यामलाची किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली. हिसडा बसून कासारणीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फरशीवर पडल्या आणि वाढल्या. फुटल्या असं मी लिहीत नाही. ऋतिका दारातच उभी होती.

"पहिलटकरीण पण एवढी ओरडत नाही बाई," कासारीण म्हणाली.

वन्सं घाबरल्या, आणि घाबरल्या की त्या निर्णय घेतात. मला म्हणाल्या, "वहिनी, कन्यादानाला तुम्ही दोघं बसा. ऐन मांडवात झारी पडली म्हणजे?"

मला दोन्ही मुलगेच. कन्यादानाचं पुण्य असं न मागता दारात आलेलं. माझ्या तोंडून लगेच 'नको' निघालं नाही. भावोजी म्हणाले, "विचार करायला हवा." श्यामला डाव्या हातानं काचा गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

आज पोचले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. डाव्या हातात तांब्या, खाली पातेलं.

"या ताई. झाला का विचार करून?"

"झाला. तुझी मुलगी, धार तूच धर," मी म्हणाले. "पण धरवेल का गं?"

"तेच बघतेय. अहो, जरा ओंजळ घेऊन या इकडे!"

भावोजी पेपर ठेवून आले आणि पातेल्यावर ओंजळ धरून उभे राहिले. धार सुरू झाली, तुटली, पुन्हा सुरू झाली. तांब्या जड. तो कलला म्हणून सावरायला तिनं नकळत उजवा हात पुढे केला आणि गार पाणी मनगटावर उडालं. ती ओरडली नाही. ओट्याला टेकून वाकली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम. तांब्या मात्र सोडला नाही.

भावोजींची ओंजळ तशीच धरलेली. "इतकं दुखतं?"

"रोज इतकंच. तुम्ही पेपर वाचत असता."

भावोजींनी हात पुसले आणि रामदासगुरुजींना स्पीकरवर फोन लावला. डाव्या हातानं धार धरली तर चालेल का?

"पद्धत उजव्याची आहे," गुरुजी म्हणाले. "हात दुखत असेल तर डाव्यानं धरा, देव समजून घेईल. धार शक्यतो तुटू देऊ नका. आणि कार्यालय दोनला रिकामं करायचंय, तेवढं मुहूर्ताला वेळेवर या."

मग श्यामलानं तसाच स्पीकरवर वन्संना फोन केला. "वन्सं, धार मीच धरणार आहे. डाव्या हातानं."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना जेवायला बोलावलंय."

 मग वन्सं म्हणाल्या, "हात फार दुखला का गं परवा?" श्यामला "हो" म्हणाली.

मग कापूस घेऊन बसलो. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि मनगटावरून बोळा फिरवू लागली. फिरवायची, थांबायची, श्वास सोडायची, पुन्हा फिरवायची. हात धरून धीर द्यावा, तर हात धरायची सोय नाही. मी मांडीवर हात ठेवून मनात जप करत राहिले. रविवारी मांडवात ती धार तुटली तर? देवाला विचारलं.

निघताना श्यामला म्हणाली, "तांब्यानं जमणार नाही ताई. हलकं काहीतरी हवं. आणि शनिवारपर्यंत रोज सराव हवा."

उद्या पूजा आटोपली की तुळशीबागेत जाऊन बारीक तोटीची, हलकी झारी आणायची आहे.