पाखरांना आवतण

आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात, उजवा पाय, बोलणं, सगळं एका सकाळीच गेलं. हातापायाचं मी फार मनावर घेतलं नाही. म्हटलं, मी आहे की धडधाकट, उचलीन. पण बोलणं! उमेद होती तोवर मिलिटरीत राहिलेला माणूस; गल्लीच्या तोंडाशी असतानाच "आगं ए, च्या ठेव!" म्हणून ओरडायचा. तेव्हा त्या ओरडण्याचा मला भारी राग यायचा. आता वर्ष होत आलं, घरात माझा एकटीचाच आवाज. स्वतःच्या आवाजाचा वीट येतो हो माणसाला.

साताऱ्याला बोलण्याचा व्यायाम घेणारी एक पोरसवदा डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "काकू, त्यांना पुष्कळ कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. मन रमेल असं काहीतरी समोर ठेवा. एखादा शब्द आपसूक बाहेर पडेल." मन रमवायचं कशात? टीव्ही लावला की हे तोंड फिरवायचे. एकदा मात्र परसातल्या पेरूवर बुलबुल येऊन बसला, तर मान तिरकी करून बघतच राहिले. झालं! मी त्या बुलबुलाचं शेपूटच धरलं.

मग आमच्या रहिमतपुरात माझी अक्कल काढायला कोणी बाकी राहिलं नाही. मी गवत कापू देईना, वाळलेला शेवगा पाडू देईना. मातीच्या दोन पसरट परळांत पाणी भरून एक पेरूखाली ठेवलं, एक भिंतीवर. पपई झाडावरच पिकू दिली. कणी टाकली तर आधी नुसते कावळे आणि उंदीर. चिमण्या यायचं नाव घेईनात. तेव्हा आठवलं, माहेरी ओसरीच्या आढ्याला जोंधळ्याच्या कणसांची जुडी टांगायचे, पाखरांचा वाटा म्हणून. पण आमच्याकडं जिकडं तिकडं ऊस, कणीस आणायचं कुठनं? खटावातल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आक्का, कणसं कशाला? मळून चांगला जोंधळा देतो की." म्हटलं, "न्हाई रं, चिमण्यांना कणीसच लागतंय." तो नुसता हसला. पण एसटीच्या ड्रायव्हरकडं पोतंभर कणसं धाडली बिचाऱ्यानं.

ह्यांची खुर्ची पडवीत, समोर पेरूला टांगलेल्या जुड्या. आधी दोन चिमण्या आल्या, मग अख्खा थवा. मागोमाग होले, साळुंक्या, सातभाईंची ती भांडखोर टोळी. खाली सांडलेलं वेचायला खार यायची. जास्वंदीवर इवलासा शिंजीर उलटा लोंबकळून मध प्यायचा. कामं टाकून मीही बघत बसायला लागले. खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं होतं. मी म्हणायची, "आवं, बघा, चिमणी. म्हणा, चि-म-णी." ते ओठ हलवायचे. घशातून हवा यायची, शब्द नाही. डोळ्यांत पाणी मात्र लगेच यायचं. मी पदरानं पुसायची. "ऱ्हाऊ द्या. उद्या म्हणा."

पाडवा होऊन गेला होता. ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, चार दिवस राहायला आली होती आणि पडवीत त्यांच्याजवळ बसली होती. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेरून आवाज आला, खणखणीत. "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ होऽऽ!" भाकरी परातीत टाकून तशीच पळाले. बघते तर ह्यांचा डावा हात डोक्यावर गरागरा फिरतोय, मान ताठ, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. पाखरं सगळी भुर्र. मी वेड्यासारखी हसत सुटले. "वन्सं, बोलले! बोलले की हे!"

वन्सं तोंडाला पदर लावून रडत होत्या. "बोलला न्हाई गं बाई. पाखरं हाकतोय. ल्हान हुता तवा आमचा जोंधळा ह्योच राखायचा, रानातल्या माच्यावर हुबा ऱ्हाऊन. हात बघ की त्येचा. गोफण फिरवतोय त्यो."

मी त्यांच्यापुढं जाऊन बसले. "आवं, मी कोण? माझ्याकडं बघा की जरा." ते माझ्या डोक्यावरून पेरूकडं बघत होते. मग डाव्या हातानं मला बाजूला सारलं. त्यांच्या पिकाच्या आड येत होते मी.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "छान झालं काकू, ही सुरुवात आहे." कसली सुरुवात न् कसलं काय. त्या आरोळीच्या पुढं गाडी सरकलीच नाही. पाणी मागायला शब्द नाही, मला हाक मारायला नाही. पाखरू उतरलं की तेवढी आरोळी, दिवसातून कितीदा तरी. आणि पाखरं काय, आपली मिंधी थोडीच असतात? आधी होल्यांनी अंगण सोडलं, मग चिमण्यांनी. सातभाई तेवढे निगरगट्ट, पण तेही शेवटी गेले. पाखरं गेली आणि हे पुन्हा गप्प झाले.

लोक म्हणतात, आता तरी तो पसारा काढ. नाही काढत मी. सकाळी उठून परळ घासते, पाणी भरते, दाणे टाकते. पुण्यबिण्य काही नको मला. एखादी चिमणी येऊ दे, चुकून का होईना, आणि ह्यांनी तिला हाकलू दे. तेवढा आवाज पडू दे कानावर. हे खुर्चीत पेरूकडं डोळे लावून बसतात, डावा हात मांडीवर तयार. मी दारात उभी राहते. काल दाण्यांना मुंग्या लागल्या. ते झाडून काढले आणि दुसरे टाकले.