शेगडी पेटवणार कोण?

"ते सगळं ठीक आहे हो. पण पेटवणार कोण?"

हा प्रश्न मी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. मान तिरकी करून फोन खांद्याशी धरलेला, समोर कोरा कागद, आणि उजव्या हातात लाकडाचे दोन लहान तुकडे. पलीकडचा माणूस उत्तर देईपर्यंत ते तुकडे एकमेकांवर आपटत राहायचे. टक, टक, टक. ऑफिसातल्या पहिल्याच आठवड्यात मी ठरवलं होतं की जागा बदलून मागायची. मग राहून गेलं, आणि पुढची चार वर्षं मी त्या टकटकीच्या शेजारीच बसले.

आमचं ऑफिस बुओना व्हिस्टाला, आणि धंदा लाकडावर चालणाऱ्या शेगड्यांचा. हसू नका. बारा महिने घाम पुसणाऱ्या सिंगापुरात बसून आम्ही घरं उबदार ठेवायच्या लोखंडी शेगड्या विकत होतो, हे सांगताना मलाही आधी हसूच यायचं. शेगड्या जायच्या न्यूझीलंडच्या थंड गावांमध्ये. तिथे हिवाळ्यात घरोघरचा धूर दरीत साचून राहतो, म्हणून काही भागांत धुरावर निर्बंध आहेत. जुनी धुरकट शेगडी काढा, नवी घ्यायची तर मंजूर यादीतली, कमी धुराची घ्या, असा तिथला नियम. कोणत्या घराला कोणती शेगडी योग्य, ते हे गृहस्थ फोनवर इंग्रजीत सांगायचे आणि मी परवानगीचे कागद तयार करायचे. एसीच्या गारठ्यात दोघंही स्वेटर घालून.

माझ्या मुलीनं त्यांना एकदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत तोंडावर विचारलं होतं, "अंकल, सिंगापूर सो हॉट, हू बाय फायरप्लेस लाह?"

"बरोबर आहे तुझं," ते गंभीरपणे म्हणाले. "इथे असतीस तर तुला मी विकलीच नसती." मग लक्षात आलं की ती इथेच आहे, आणि स्वतःच खूप हसले.

वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न राहून गेलेलं, वुडलँड्सला एका फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेतलेली. शिक्षण पुण्यात, इंजिनिअरिंगचं. आई भोरच्या पलीकडे डोंगरातल्या गावात एकटी. मला ते वहिनी म्हणायचे, माझ्या नवऱ्याची आणि त्यांची एकदा गणपतीच्या आरतीत ओळख झाली होती तेवढ्या भांडवलावर. मी त्यांना शेगडीसाहेब म्हणायचे. मनात नव्हे, तोंडावर.

लाकडाच्या तुकड्यांचं रहस्य मला महिनाभरानं कळलं. सुकलेलं लाकूड आपटलं की खणखणीत वाजतं, ओलं असलं तर नुसता दबका आवाज येतो. ओलं लाकूड चांगल्यातल्या चांगल्या शेगडीतही धूर करतंच. म्हणून ते ग्राहकाला सांगायचे, "आता तुमच्याकडचे दोन तुकडे घ्या आणि फोनजवळ वाजवा." स्वतः तुकडे हातात ठेवायचे ते आवाज ताडून बघायला. हजारो मैलांवरून आलेली ती खटखट ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "अजून एक उन्हाळा थांबा."

ही सवय त्यांच्या इतकी अंगात भिनलेली की हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांवर, जेवायला बसलो की चॉपस्टिक्सही वाजवून बघायचे. एकदा टॅम्पिनीसच्या एका दुकानात माझ्या घरासाठी टेबल बघायला आले होते. दोन खुर्च्यांचे पाय एकमेकांवर आपटल्यावर विक्रेता धावत आला. मी दिव्यांच्या विभागात निघून गेले आणि ओळख दाखवली नाही.

पण या माणसाला नुसतं विनोदी समजाल तर फसाल. एक म्हातारी बाई फोन करायची. नवरा नुकताच गेलेला. त्यानं मरायच्या आधी एक भलीमोठी शेगडी पसंत करून ठेवली होती, तीच तिला हवी होती. आमच्याकडच्या महागड्या शेगड्यांपैकी ती एक, त्यामुळे वरचे साहेब लोक खूश. शेगडीसाहेबांनी खोली केवढी, धुराडं किती उंच, लाकूड कसलं, सगळं विचारलं आणि मग नेहमीचा प्रश्न टाकला. पेटवणार कोण?  हातातली टकटक थांबली.

मग ती म्हणाली, "मीच. दुसरं कोण आहे आता?"

त्यांनी तिला लहान शेगडी घ्यायला लावली. दार हलकं, राख काढायला खाली वाकावं लागणार नाही अशी. वरच्या साहेबांनी जाब विचारला तेव्हा शेगडीसाहेब म्हणाले, "छोट्या खोलीत मोठी शेगडी ठेवली की उकडतं. उकडलं की माणूस शेगडीची हवा बंद करतो. हवा बंद केली की लाकूड धुमसत जळतं आणि सगळ्या गल्लीत धूर. शेगडी खोलीच्या मापानं घ्यायची आणि हाताच्याही." ती बाई पुढे दर हिवाळ्याला फोन करून सांगायची की शेजाऱ्यांची एकही तक्रार नाही.

जगाला शेगड्या निवडून देणाऱ्या या माणसाची आई मात्र चुलीवर स्वयंपाक करायची. आयुष्यभर धुरात बसून तिची छाती खराब झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की धूर बंद झाला नाही तर पुढचा हिवाळा जड जाईल. घरी गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरी गॅसवर करायची म्हटलं की तिला देवळात चपला घालून गेल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकाला एक बाई लावून पाहिली, तिला आईनं चौथ्या दिवशी वाटेला लावलं. मग यांनी तिच्यासाठी लाकडावरचीच, पण धूर न करणारी शेगडी शोधायला घेतली. तीन महिने दुसरा विषय नाही. ही हवा कमी घेते, ती लवकर तापते पण गंजते, हिचा पंखा बंद पडला तर दुरुस्त कोण करणार. शेवटी एक निवडली, पुण्याहून गावी पोचवली, आणि त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत एक कार्यक्रम ठरून गेला. आपल्याकडचे साडेबारा म्हणजे गावी सकाळचे दहा. हॉकर सेंटरवर बसलो की ते आईला व्हिडिओ लावायचे. ती शेगडी दाखवायची, लखलखीत, आत निळसर लालसर जाळ, वर पातेलं. मग फोन आमच्याकडे फिरायचा.

"वहिनी, धूर दिसतोय?"

"नाही हो."

"दिसणारच नाही!" आणि मग समाधानानं भाताकडे वळायचे.

डिसेंबरात मी सुट्टीवर पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी आईसाठी गुडघ्याचे पट्टे आणि बिस्किटांचे पुडे दिले. मी त्यांच्या आईला अकरा वाजता येते असं कळवलं होतं. गाडी लवकर मिळाली आणि मी गावी साडेआठलाच पोचले. आता वाटतं, रस्त्यात चहाला तरी थांबायला हवं होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून धूर बाहेर येत होता. आत जुनी मातीची चूल धडधडत होती आणि समोर आई बसलेल्या, डोळे लाल, दर दोन मिनिटांनी खोकल्याची उबळ. तव्यावरची भाकरी उचलून त्यांनी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकवून उभी केली. ती टम्म फुगली. कोपऱ्यात चौरंगावर ती शेगडी होती, विणलेल्या रुमालानं झाकलेली, आणि शेजारी फोन उभा करायला एक डबा.

"लवकर आलीस गं बाई," त्या म्हणाल्या. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"आई, अहो ही शेगडी?"

"पेटवते की रोज. धा वाजता. त्याचा फोन असतो तवा."

 त्यांनीच सांगितलं, अगदी सरळपणे. त्या शेगडीत बोटभर लांबीचे तुकडे घालावे लागतात. "फोडायचे कुणी? माझ्या हातानं कोयता धरवत न्हाई आता. चुलीत कसं, लांब फाटा सारत जायचा." शेजारीण आठवड्याला एक टोपली तुकडे फोडून देई, ते त्या मुलाच्या फोनसाठी पुरवून पुरवून वापरत. "आन भाकरी कुठं टेकवायची तिच्यात? तोंडच न्हाई तिला."

दहा वाजता त्यांनी रुमाल काढला, शेगडी पेटवली, चूल विझवून पत्र्याआड केली, पदरानं डोळे पुसले आणि फोन डब्याला टेकवला. मी बाजूला उभी राहून सगळं पाहिलं. पलीकडे ते म्हणाले, "वहिनी पोचल्या का? बघा वहिनी, धूर आहे का कुठे?" आणि मी "नाही" म्हणाले. आईंनी माझा हात दाबला. ते "नाही" मला अजून टोचतं.

निघताना त्यांनी बाजरीच्या कडक केलेल्या पाच भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. "त्याला न्हाई ना सांगणार?" मी मान हलवली. कोणत्या बाजूनं, ते माझं मलाच ठाऊक नाही.

सिंगापूरला परतल्यावर ऑफिसच्या पँट्रीत शेगडीसाहेबांनी भाकऱ्यांचं ते फडकं सोडलं. भाकरी हातात घेतली, नाकाशी नेली आणि तिथेच थांबले. मग उलटी केली. कडेला काळपट ठिपके होते. त्यांवरून ते अंगठा फिरवत राहिले.

"ही निखाऱ्यावर शेकलीय," ते म्हणाले. "त्या शेगडीला तोंड नाही."

मी पाण्याची बाटली भरत राहिले. ती केव्हाच भरली होती.

"तुम्ही पाहिलंत?"

"हो," मी म्हणाले. आणि मग कोयता, टोपली, रुमाल, डबा, सगळं सांगून टाकलं. सांगताना मला रडू आलं.

त्यांनी भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढे ठेवली, आणि अर्धी हळूहळू चावून खाल्ली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "जगाला विचारतो हो मी. रोज विचारतो. आईला नाही विचारलं." थोड्या वेळानं पुन्हा, "एकदासुद्धा नाही विचारलं."

मला वाटलं आता फोनवर आईला ओरडतील. साडेबारा वाजले. फोन लागला. तिकडे शेगडी पेटली, लखलखीत.

"धूर नाही ना रे?" आईंनी विचारलं.

"अजिबात नाही, आई. छान चाललीय." त्यांचा आवाज साधा, रोजचाच. त्या दिवशी फोन आमच्याकडे फिरला नाही.

पुढचे दोन महिने ते भाकरीच्या मागे लागले. पुठ्ठ्याची शेगडी केली, तिला पुढून तोंड कापलं, पुठ्ठ्याचीच भाकरी टेकवून कोन मोजले. तोंड ठेवलं की हवा बिघडायची, हवा बिघडली की धूर. तोंडाला झडप, झडपेला कडी, असं करत एक आकृती जमली. ती पुण्यातल्या एका लोहारकाम करणाऱ्याकडे पाठवली. वुडलँड्सच्या खोलीत इंडक्शनवर भाकऱ्या थापायला शिकले. मला चाखायला आणायचे. त्या भाकऱ्यांनी टेबल वाजवता आलं असतं.

आणि एका सोमवारी त्यांनी राजीनामा दिला.

मी भांडले. चक्क भांडले. "शेगडी झाली ना तयार? तुकडे फोडायला मजूर लावा. इथली नोकरी सोडलीत की इथे राहायचा पास गेला. या वयात पुन्हा कोण देणार आहे? तिथे करणार काय?"

ते लाकडाचे दोन तुकडे हातात घेऊन बसले होते, पण वाजवत नव्हते. "वहिनी, मी सगळं बदललं. तोंड केलं, झडप केली. प्रश्नाचं उत्तर तेच राहिलं. पेटवणार आईच. वाकणार तीच, फुंकणार तीच." मग म्हणाले, "बऱ्या शेगडीपुढेही खोकत बसलेली आई मला फोनवर बघायची नाही."

शेवटच्या दिवशी ते तुकडे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. आता ग्राहकांचे फोन मी घेते. त्यांच्याइतकं कळत नाही मला, पण तुकडे वाजवते. शेजारी नवीन आलेली मुलगी परवा जागा बदलून मागत होती.

त्यांची जागा कितीतरी दिवस रिकामी होती. साडेबाराला हॉकर सेंटरवर बसलो की त्यांच्या खुर्चीकडे हात जायचा, फोन बघायला.

मग एका दुपारी माझाच फोन वाजला. व्हिडिओ. पडद्यावर ते, कपाळावर पिठाचा पट्टा, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. मागे ती नवी शेगडी, काळवंडलेली, अजिबात लखलखीत नसलेली, आणि तिच्या तोंडाशी एक भाकरी वाकडीतिकडी टेकलेली.

मी विचारलं, "काय शेगडीसाहेब, पेटवणार कोण?"

"मी," ते म्हणाले.

मग त्यांनी फोन दाराकडे फिरवला. बाहेर अंगणात, उन्हात, आई खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात भाकरी. एक घास मोडून त्यांनी तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि आत मान करून ओरडल्या, "कच्ची ऱ्हायली रे! दुसरी टाक!"

त्यांचं ओरडून झाल्यावर मी वाट पाहत राहिले. खोकला आला नाही.