साहेबांना वेष्टी नेसवणारा उमेदवार

साठीचं दशक संपत आलं होतं. मद्रासला गिंडीतल्या आमच्या कारखान्याने पगारपत्रकं आणि मालाचा हिशेब करायला कंप्युटर घ्यायचं ठरवलं. यंत्र बोटीने यायचं होतं. ते येईपर्यंत त्याला कामं सांगणारी माणसं, म्हणजे प्रोग्रामर, नेमायची होती. प्रोग्रामर कसा दिसतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

निवड करायला आम्ही तिघं. तमिळ साहेब, अतिशय टापटिपीचे, उन्हाळ्यातही टाय न सोडणारे. दुसऱ्या, लग्न होऊन पुण्याहून मद्रासला आलेल्या गणिताच्या बाई. तिसरा मी, हिशेब खात्यातला. बाईंशी मी मराठीत बोलायचो. माझं जुन्या वळणाचं तंजावरी मराठी ऐकून त्या म्हणायच्या, “तुमच्याशी बोलताना बखर वाचल्यासारखं वाटतं हो!”

पहिल्या दिवशी प्रश्न साहेबांचे होते. सतरा सक किती? कुठल्या देशाची राजधानी कोणती? वडील काय करतात? मुलं हुशार होती, सगळ्यांनी धडाधड उत्तरं दिली. संध्याकाळी आम्ही गुण मांडले. सगळेच पास! कुणाला घ्यायचं?

“यंत्राला अक्कल नसते,” बाई म्हणाल्या. “सांगू तेवढंच करतं. मग निर्बुद्धाला नीट सांगता येतं का, तेच विचारू या.”

त्यांनी प्रश्न काढला कोलमचा. मद्रासच्या दारोदार सकाळी ठिपक्यांची रांगोळी असते, ती उमेदवारांनी हातवारे न करता तोंडी सांगायची आणि ते सांगतील तशीच बाई फळ्यावर काढणार. मला प्रश्न फार आवडला. दुसऱ्या दिवशी तो आपटला. मुलींनी छान सांगितलं, मुलगे मात्र मान खाली घालून म्हणू लागले, “कोलम आई काढते.”

दुपारी एक सडपातळ मुलगा आला. प्रश्न ऐकून त्याने जरा विचार केला. “सर, मला कोलम येत नाही. जे येतं ते सांगितलं तर चालेल?”

“काय येतं?” साहेबांनी विचारलं.

“वेष्टी नेसता येते.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. पण साहेब उठलेच. संध्याकाळी देवळात जायचं म्हणून त्यांच्या कपाटात नेहमी एक वेष्टी असायची; लुंगीसारखं गुंडाळायचं ते पांढरं वस्त्र. ती घेऊन पँटवरूनच नेसायला ते उभे राहिले. “मी यंत्र. सांगा.”

“वेष्टी पाठीमागून घ्या. दोन्ही टोकं पुढे आणा. उजवं टोक डावीकडे न्या. आता डावं उजवीकडे न्या.”

साहेबांनी ते इमानेइतबारे केलं. दोन्ही हातांत टोकं तशीच घट्ट धरलेली, हातांची फुली झालेली.

“आता खोचा.”

“कशाने? हात तर अडकलेत!”

तेवढ्यात शिपाई कॉफी घेऊन आत आला आणि साहेबांना पाहून कॉफीसकट परत गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, नाहीतर हसू फुटलं असतं. मुलगा मात्र हसला नाही, गडबडलाही नाही. साहेबांकडे निरखून बघत तो म्हणाला, “थांबा सर. उजवं टोक कमरेला खोचून हात मोकळा करायचा, हे मी गाळलं. पहिल्यापासून सांगतो. आणि आधी टाय खांद्यावर टाका, नाहीतर तोही आत जाईल.”

या वेळी वेष्टी झकास बसली. साहेब खोलीत एक फेरी मारून आले.

मुलगा बाहेर गेल्यावर बाई म्हणाल्या, “माझा प्रश्न निम्माच बरोबर होता. काय सांगायचं ते त्यांनाच निवडू द्यायला हवं.” मग राहिलेल्यांना आणि आधीच्या मुलांनाही पुन्हा बोलावून आम्ही तसंच विचारलं. एका मुलीने माझ्याकडून कागदाची होडी करवून घेतली. एकाने सायकलची चेन बसवायला सांगितली, आणि त्याने सांगितलं तसंच करूनही ती निसटली तेव्हा माझ्यावरच चिडला. त्याला आम्ही घेतलं नाही. होडीवाली आणि वेष्टीवाला, दोघांनाही घेतलं. यंत्र आल्यावर दोघं त्यात असे रमले, की जेवायला हाका माराव्या लागत.

पुढे त्या मुलाला स्थळं येऊ लागली. एक दिवस एका मुलीचे वडील चौकशीला माझ्या टेबलापाशी आले. डिसेंबरातला मार्गळी महिना होता, शहरभर गाण्याच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, चाललेल्या.

“मुलगा प्रोग्राममध्ये असतो म्हणे,” ते चिंतेने म्हणाले. “गातो, की मृदंग वाजवतो?”

“तो कंप्युटरला कामं सांगतो,” मी म्हणालो.

त्यांनी हातातली छत्री टेबलाला टेकवली. “पण नोकरी पक्की आहे ना?”

“पक्की आहे.”

“मग सांगू दे काय सांगायचं ते,” म्हणत त्यांनी निश्चिंतपणे छत्री उचलली.