आठ दिसते, सात वाजते

बिगुल पथकात वीस-बावीस वर्षं काढली की किस्से आपोआप गोळा होतात. आपण जातो वाजवायले अन् घरी येतो ऐकून. त्यातले अर्धे खोटे असतील असा मले संशय आहे. पण मले कशाचाही संशय येते, म्हणून माह्या संशयाले गावात कोणी भाव देत नाही.

मी भास्कर. मोताळ्याजवळ एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाच्या गाडीत मधात कोणी पाणी मारलं, खाली कोणी गोटा ठेवला, हे पाहणं माह्यं काम. दिवसभर तेच पाहिलं की माणूस घरीही चहात बोट घालून पाहते. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या पाया पडतानाही एक डोळा उघडा ठेवता. खरं आहे, चपला बाहेर असतात.

आमच्या पथकात आठ बिगुल, सहा साइड ड्रम अन् एक मोठा ढोल. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, चौदा एप्रिल, ईदचा जुलूस, गणपती; जो बोलावेल त्याच्या पुढे आम्ही चालतो. पथकाचे मास्तर कादरचाचा, आठातला पहिला बिगुल त्यांचाच. धंदा पत्र्याच्या पेट्या अन् धान्याच्या कोठ्या बनवायचा. गावात ज्याच्या ज्याच्या ओठाले बिगुल लागला, तो त्यांनीच लावला.

•

चाचांच्या नियमाचा किस्सा आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी तेव्हा नवीन होतो. पंधरा ऑगस्टले पथक बसस्टँडवरून चाललं होतं. चाचा सगळ्यात पुढे. चालता चालता त्यांनी एकदम हात वर केला. पथक थांबलं, मागची प्रभात फेरी थांबली, एसटी थांबली. चाचा वळले अन् म्हणाले, वाजवणं बंद करू नका. मग एकेकाच्या बिगुलाच्या तोंडापुढे तळहात धरत लाइनीतून निघाले. वाजत्या बिगुलापुढे हात धरला की तळहाताले गुदगुल्या होतात. पाचव्यापाशी ते थांबले. तळहात धरला, मग हाताची मागची बाजू धरली. पाचवा म्हणजे त्यांचा सख्खा साळा. गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर आलेले, अन् आवाजाचा पत्ता नाही.

चाचा म्हणाले, "ड्रेस उतरव."

साळा म्हणाला, घरी जाऊन देतो. चाचा म्हणाले, आताच. बनियनवर गेला बिचारा घरी, भर झेंडावंदनाच्या दिवशी. त्या ईदले चाचीनं चाचांच्या शिरखुर्म्यात एकही खारीक टाकली नाही म्हणतात.

तेव्हापासून पथकात एकच नियम. मुका बिगुल धरून जो लाइनीत उभा राहील, त्यानं ड्रेस परत करायचा. माफी नाही, दुसरा चान्स नाही, नातं नाही. अन् ड्रेस जाणं म्हणजे साधं नाही हो. तो लाल कोट गेलेला माणूस गावात पंधरा ऑगस्टले घराबाहेर निघत नाही.

•

आमचा ड्रेस शिवते प्रल्हाद टेलर. तो बिगुलही वाजवते. त्याच्या दुकानात दुपारी बसून आम्ही फोनवर परदेशातल्या पथकांच्या रेकॉर्डिंगा पाहतो. शंभर-दीडशे माणसं अन् बाया, पूर्ण ग्राउंडभर. वाजवता वाजवता चालते, चालता चालता फूल बनवते, फुलाचं चाक बनवते, चाकाचा बाण बनवते, अन् वाजवणं कुठं तुटत नाही.

आमचा साइड ड्रमवाला सिद्धार्थ, वायरमन आहे, तो म्हणाला फूल जाऊ द्या, आपण निदान एक चौकोन तर करू. केला. नेमका बाजाराचा दिवस होता. चौकोनाचा एक कोपरा भाजीबाजारात घुसला अन् तीन बिगुल वांगेवाल्या बाईपाशी जाऊन अडकले. बाईनं विचारलं, किती देऊ?

चाचांनी मात्र ती रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहिली. आम्हाले वाटलं, खुश झाले. तर म्हणाले, "खोटं आहे."

काऊन खोटं, विचारलं. ते म्हणाले, एवढा टाइम वाजवून राह्यले अन् एकही माणूस बिगुल उलटा करून थुंकी झाडत नाही, असं कुठं असते काय? मी मग घरी जाऊन पुन्हा पाहिली. खरंच कोणी झाडत नव्हतं! तेव्हापासून मले त्या अख्ख्या देशावर संशय आहे.

•

मागच्या पावसाळ्यात एका स्पर्धेसाठी आमचा व्हिडिओ पाठवायचा होता. बुलढाण्याहून व्हिडिओवाला आणला. त्यानं आमच्या टोप्या सरळ केल्या, सिद्धार्थचं पोट आत घ्यायले लावलं अन् सांगितलं, तुम्ही फक्त गाल फुगवा, आवाज मी मागून मस्त टाकतो. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही असंच करतो म्हणे.

चाचांनी त्याले वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "मंग आमाले कायले उभं केलं बाप्पा? आमचे फोटो टांग न भिंतीले."

शेवटी खरंच वाजवलं. आठही बिगुल असे वाजवले की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. नंबर आला नाही तो वेगळा. मले त्या परीक्षकांचाही संशय आहे, पण तो किस्सा वेगळा.

व्हिडिओ आम्ही यूट्यूबवर टाकला. मामा, मावसा, साळे, सगळ्यांनी वा वा लिहिलं. सगळ्यात खाली डोणगावकडच्या एका बिगुलवाल्यानं लिहिलं होतं, "ड्रेस छान. पण आठ दिसते, सात वाजते."

ते वाचलं अन् मी हातातली भाकर खाली ठेवली. म्हणजे आमच्यात एक मुका बिगुल आहे. म्हणजे कोणाचा तरी ड्रेस जाणार. आठातला एक मी. मी वाजवतो हे मले पक्कं माहीत होतं. उरले सात.

•

पहिला संशय प्रल्हादवर. त्याच्या तोंडात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा दाबलेल्या तोंडानं बिगुल फुंकता येते काय? अन् झालंही तसंच. आठवडाभर बिगुल दुकानात टांगून ठेवला होता, तो घेऊन प्रॅक्टिसले आला अन् नुसते गाल फुगवून उभा. मी लाइन सोडून त्याच्यापुढे गेलो. म्हटलं, एकटा वाजव. त्यानं फुंकलं. आवाज नाही. पुन्हा फुंकलं. नाही. मी सगळ्यांकडे वळून म्हटलं, पाहा, सापडला.

"दम धर बे," प्रल्हाद म्हणाला. बिगुल उलटा करून बाकड्यावर आपटला, तर आतून मातीचं ढेकूळ पडलं. कुंभारमाशीनं नळीत घर बांधलं होतं. मग त्यानं माह्या कानाशी बिगुल आणून असा फुंकला की दुसऱ्या दिवशी काट्यावर मी दोन गाड्यांचं वजन पुन्हा विचारून लिहिलं.

•

आता मी उघड विचारणं बंद केलं. बिगुलापुढे हात धरायचा मान एकट्या चाचांचा. म्हणून मी वेगळी युक्ती काढली. प्रॅक्टिसले रोज एकेकाच्या बाजूले चिकटून उभं राहायचं, अन् शर्टाच्या खिशात फोन, रेकॉर्डिंग चालू. घरी येऊन इअरफोन लावून ऐकायचं. ज्याचा बिगुल खिशाजवळ, त्याचा आवाज सगळ्यात मोठा यायले पाहिजे.

तिसऱ्याच दिवशी सुनंदा मॅडमनं पकडलं. मॅडम झेडपीच्या शाळेत शिकवतात, अन् आमच्या आठही बिगुलांत त्यांचा दम मोठा. त्यांनी विचारलं, भास्करभाऊ, तुम्ही रोज जागा काऊन बदलून राह्यले? मी म्हटलं, तिकडे ऊन लागते. मॅडमनं आभाळाकडे पाहिलं. सूर्य केव्हाचाच बुडाला होता.

सहा दिवसांत सहा जण तपासले. सहाही वाजत होते, प्रल्हादसुद्धा, खर्ऱ्यासकट. उरले एकटे चाचा. त्यांच्या बाजूले मी उभा राहिलो ते फक्त हिशोब पुरा करायचा म्हणून. काट्यावर मालकाचीही गाडी मी चढवतोच.

घरी इअरफोन लावला. बाकीचे बिगुल दुरून येत होते. अन् खिशाजवळ नुसती हवा. फू, फू. बरोबर जागी सुरू होत होती, बरोबर जागी थांबत होती. ठेका एक कणभर चुकत नव्हता. आवाज तेवढा नव्हता.

मी इअरफोन काढला, पुसला, पुन्हा लावला. तेच. मले रडू आलं, खोटं कायले सांगू. ओठ कसे आवळायचे हे त्या माणसानं मले स्वतःचे ओठ आवळून, महिनाभर रोज दाखवलं होतं. अन् मी त्याच्या बाजूले चोरासारखा फोन घेऊन उभा राहिलो होतो.

•

दुसऱ्या दिवशी प्रल्हादच्या दुकानात सिद्धार्थ अन् मॅडम दोघंही होते. मी दार लोटून हळूच सांगितलं, मुका बिगुल चाचांचा आहे. कोणी दचकलं नाही. प्रल्हाद काज करत होता, तो काजच करत राहिला.

तेव्हा समजलं, पथकाले वर्षभरापासून माहीत होतं. चाचांचे समोरचे दात गेले अन् कवळी बसवली, तेव्हापासून ओठ पकडच घेत नाहीत. कान त्याच्याही आधी अर्धे गेले होते. आजूबाजूचे सात वाजले की त्यांना वाटते, आपलाही वाजून राह्यला. मी विचारलं, मग मागच्या पंधरा ऑगस्टची सलामी? ती तर चाचा एकटेच वाजवतात! मॅडम म्हणाल्या, ती मी वाजवली, त्यांच्या मागं उभं राहून. अन् मी चार पावलांवर होतो! गाडीतला ओला कापूस वासावरून ओळखणारा मी!

मी भडकलो. म्हटलं, साऱ्या पथकाले माहीत, मलेच काऊन नाही सांगितलं?

प्रल्हाद म्हणाला, "तुले सांगितलं असतं तर तू चाचांच्या बिगुलापुढे हात धरून पाहिला असता."

खिशातला फोन लय जड लागत होता. त्या दिवशी ठरलं, चाचांना हे कधीच समजू द्यायचं नाही. समजलं, की ते स्वतःचाच ड्रेस उतरवतील. आपल्या साळ्याले ज्यानं सोडलं नाही, तो स्वतःले काय सोडणार? अन् मग त्या माणसाजवळ राहते काय? पत्र्याचं काम तर डोळ्यांनी कधीच सोडवलं होतं.

•

आता हा किस्सा. पथकातल्या कोणाले मी हा पूर्ण सांगितला नाही.

दिवाळीले चाचांचा जावई खामगावहून आला अन् त्यांना कानाची मशीन बसवून गेला. म्हणजे आता सगळं उघडं पडणार. पण नशीब, ढोल वाजला की मशीन कानात शिट्टी मारते, म्हणून प्रॅक्टिसले चाचा ती काढून डबीत ठेवायचे. आम्ही सुटलो असं वाटलं.

मग एका दुपारी त्यांनी मले एकट्याले आपल्या जुन्या पत्र्याच्या दुकानात बोलावलं. चाचा स्टुलावर बसले होते, मशीन कानात. समोर नातीचा फोन, अन् फोनवर आमचाच व्हिडिओ. त्यांनी मले बस म्हटलं अन् व्हिडिओ पहिल्यापासून लावला. पूर्ण होईपर्यंत डोळे मिटून बसले. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. गुडघ्यावर एकेक बोट टेकवत ते मोजत होते. सात बोटं टेकली.

"भास्कर," ते म्हणाले, "लाइनीत कोणीतरी मुका आहे. म्या तीन डाव ऐकलं. कोण आहे?"

मी म्हटलं, व्हिडिओवाल्याचा माइक खराब असन.

ते म्हणाले, "तू काट्यावरचा माणूस. तुले माहीत नसन असं होत नाही. नाव सांग."

एका क्षणात मी सगळ्यांची नावं मनात फिरवली. प्रल्हादचं सांगावं काय? त्याच्यावर संशय घेऊन एकदा तोंडावर पडलो होतो. मॅडमचं सांगितलं तर सव्वीस जानेवारीची सलामी कोण वाजवणार? चाचा माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मशीनीचा छोटा लाल दिवा लुकलुकत होता.

मी म्हटलं, "चाचा, तो मी आहे."

त्यांचा बिगुल बाजूलेच खिळ्याले टांगलेला होता. तो काढून माह्या हातात द्यायचा अन् वाजवून दाखव म्हणायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. केलं नाही. माह्याकडे पाहत पाहत त्यांनी कानातली मशीन काढली, डबीत ठेवली अन् डबी बंद केली.

"शक तर मले पयल्यापासून तुह्यावरच होता," ते म्हणाले. "ड्रेस इस्त्री करून परत आणजो."