हसऱ्या चेहऱ्याचं दुखणं

मापसाहेबांना आयुष्यात एकाच शब्दाची चीड होती, आणि तो शब्द म्हणजे ‘अंदाजे’. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला घेत, आणि ज्यांच्या मापात पाप असे त्यांना नेमकं त्याच वेळी पोटात दुखायला लागून घरी जावं लागे. एखादा भाजीवाला ‘अंदाजे किलोभर असेल, साहेब’ म्हणाला, तर त्याची धडगत नसे. घरीही तोच खाक्या. मुलाला ताप आला की बायकोने कपाळाला हात लावून सांगितलेलं त्यांना पटायचं नाही, थर्मामीटर लागायचाच. तोवर पोर तापाने फणफणलं तरी चालेल, पण फणफण अचूक हवी.

निवृत्तीनंतर हा माणूस बायकोला घेऊन वृद्धाश्रमात राहायला आला. काकूंना आधी पक्षाघाताचा झटका आला आणि बोलणं गेलं. त्यातून सावरतात तोच न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दुखणं हत्तीच्या पायाने येतं म्हणतात, इथे तर हत्तींची रांगच लागली होती. मुलगा दूरगावी, घरात दोघंच, उचलायचं कोणी? म्हणून दोघांना मिळून एक खोली घेतली. ‘मापसाहेब’ हे नाव त्यांना तिथेच मिळालं, कारण आल्याच्या आठवड्यात जेवणघरातल्या दोन पळ्या सारख्या भरत नाहीत हे त्यांनी भर पंगतीत पाणी ओतून सिद्ध केलं. स्वयंपाकीण त्यांच्याशी पुढे कधी धड बोलली नाही.

तर या आश्रमात रोज सकाळी सिस्टर हातात तक्ता घेऊन यायची आणि प्रत्येकाला विचारायची, ‘दुखणं किती? शून्य ते दहा.’ चार किंवा वर आकडा सांगितला की गोळी. खाली असेल तर ‘जरा पाय मोकळे करा’. आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तक्त्यावर चेहरे काढलेले होते, एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला रडका. माणसाच्या तोंडाकडे बघायचं, चित्राकडे बघायचं, आणि जुळेल तो आकडा लिहायचा.

मापसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं की, एक म्हणजे किती? सिस्टर म्हणाली, थोडं. थोडं म्हणजे किती? आणि आपलं थोडं आणि शेजारच्या खोलीतल्या ड्रायव्हरचं थोडं एकच, हे कोणी तपासलं? प्रमाणित नमुना कुठे ठेवलाय? सिस्टरला अजून अख्खा मजला उरकायचा होता. तिने त्यांच्या नावापुढे ‘सांगत नाहीत’ असं लिहिलं आणि पुढे गेली. झालं, गुडघे ठणकत असून साहेबांना गोळी नाही. तत्त्वापायी माणूस किती लंगडू शकतो ते त्या मजल्याने डोळ्यांनी पाहिलं.

पण खरी गोष्ट गुडघ्याची नव्हतीच. काकूंच्या नावापुढे रोज शून्य पडत होतं. त्या हसत असायच्या ना! सिस्टर आली की हसायच्या, कूस बदलायला मावशी आली की आणखी हसायच्या. ‘किती गोड आहेत काकू,’ सगळे म्हणायचे, ‘कसली तक्रार नाही.’ साहेब मात्र ते हसू ओळखून होते. काकूंनी उभा जन्म कापडाच्या दुकानात काउंटरवर काढला होता. पायाच्या शिरा फुगलेल्या, समोर गिऱ्हाईक शंभर ताके उलगडायला लावून काही न घेता निघालेलं, आणि काकूंच्या तोंडावर हसू. ते हसू परक्यांसाठी होतं. घरी यायचं ते कपाळावर आठ्या घेऊनच, आणि त्या आठ्या पाहिल्या की साहेबांना घर घरासारखं वाटायचं. घरात त्या गोड हसल्या होत्या त्या मोजक्या वेळा: दाढेत पू झाला तेव्हा, आणि बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा. त्या वेळी तर टॅक्सीवाला म्हणाला होता की, बाईंना काही घाई दिसत नाही.

म्हणजे साहेबांना कळत होतं. पण मोजलेलं नव्हतं, आणि न मोजलेलं बोलायचं नाही हा बाणा. ते गप्प राहिले, आणि दुखणं मोजायचं माप शोधायला लागले. अशा माणसाला काय म्हणावं?

टीव्हीच्या खोलीत साहेबांनी मजल्यावरच्यांची बैठक भरवली आणि एकेकाला त्याचा आकडा विचारला. निवृत्त बसड्रायव्हर रोज न चुकता दहा सांगायचा, कारण रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही हा त्याचा अनुभव होता. मास्तरीणबाई कधी तीनच्या वर गेल्या नाहीत. सगळी नोकरी त्यांनी कोणाला दहापैकी तीनच्या वर दिले नव्हते, तर कमरेला कशाला देतील? साहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर खिडकीबाहेरच्या दोरीवर गेली आणि त्यांना माप सापडलं. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. नवा, स्प्रिंग न सैलावलेला, कानाच्या पाळीला लावायचा. सगळ्यांना एकच कळ. ते झालं एक. दुसरा लावला की दोन.

दोन दिवसांत अख्खा मजला कानाला चिमटे लावून बसलेला. ड्रायव्हरने खांद्याशी तुलना करायला चौथा लावला आणि कबूल केलं की खांदा एवढा काही दुखत नाही. मास्तरीणबाईंनी दोन्ही पाळ्या चिमट्यांनी भरल्या, मग दुसऱ्यांचे चिमटे उसने घेऊन कानाच्या कडेने वर लावले, आणि तरी शांतपणे म्हणाल्या की कंबर यापेक्षा जास्त आहे. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा गोळी मिळाली आणि त्या दुपारभर घोरल्या. सिस्टर आधी चिडली, मग थकली, आणि शेवटी स्वतःच विचारायला लागली, ‘चिमट्यात किती?’ तिकडे कपडे धुणारी बाई आरडाओरडा करत होती, कारण चादरी दोरीवरून उडून फाटकाबाहेर चालल्या होत्या.

साहेबांची छाती फुगली होती. डॉक्टर यायच्या दिवशी, सकाळीच, त्यांनी त्यातला सगळ्यांत चांगला चिमटा निवडला, आपल्या कानावर तपासला, तिथेच लावून ठेवला, आणि त्याच्या जोडीचा दुसरा घेऊन काकूंच्या पलंगाशी बसले. बोलता येत नसलं तरी तुलना करता येईल, एकदा पापणी मिटली की कमी, दोनदा मिटली की जास्त, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी ते समजावून सांगितलं आणि चिमटा उघडून कानाजवळ नेला.

काकूंनी चिमट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. आणि हसल्या. अगदी काउंटरवरचं हसू. हसत हसत त्यांनी मान वळवली आणि कान पुढे केला.

साहेबांनी हात मागे घेतला. ही बाई आपल्यालाही परकं समजून हसतेय, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलं. दुखतंय तिथे आणखी दुखवायला आपण आलो, आणि ती म्हणतेय, घ्या. त्यांनी चिमटा खिशात टाकला आणि तिथेच बसून राहिले. लाज वाटली त्यांना, साधी, सरळ, मान खाली घालायला लावणारी लाज.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हाही ते तसेच बसले होते. कान टोमॅटोसारखा लाल झाला होता. बाईंनी आधी तो चिमटा काढला, मग तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, काकू मजेत दिसतायत, सगळी शून्यं आहेत.

‘नाही,’ साहेब म्हणाले. ‘ती अशी हसते तेव्हा तिला सोसत नसतं.’

‘किती दुखत असेल, काका?’

‘मोजलेलं नाही.’

‘मोजायचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?’

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या शब्दापायी त्यांनी भल्याभल्यांना दंड केला, तो शब्द घशात अडकून बसला होता. सिस्टरला वाटलं त्यांना ठसका लागला, तिने पाणी पुढे केलं.

‘अंदाजे आठ,’ ते म्हणाले. ‘नऊही असेल. कूस बदलताना दहा. माप चुकलं असेल तर माझ्यावर खटला भरा, पण तिला औषध द्या.’

डॉक्टरीणबाईंनी खटला भरला नाही. हे आधी का नाही सांगितलं, एवढं मात्र विचारलं. मग त्यांनी पायाला हळूच हात लावून पाहिलं, काकूंचं हसू रुंदावलं, आणि बाई समजल्या. त्यांनी लिहून दिलं की औषध ठरल्या वेळी द्यायचं, आकड्याची वाट बघायची नाही, आणि कूस बदलायच्या आधी तर न चुकता द्यायचं. साहेबांनाही गुडघ्यासाठी गोळी दिली. ती त्यांनी काही न विचारता गिळली.

औषध लागू पडायला दोनेक दिवस गेले. मग एका सकाळी सिस्टर तक्ता घेऊन आली आणि दारातच थबकली. काकूंच्या कपाळावर आठ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, भुवया जवळ आलेल्या. त्यांनी समोरच्या चहाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग कप एका बोटाने दूर सारला. सिस्टर घाबरली. चित्राशी ताडून पाहिलं तर चेहरा सहाच्या घरात येत होता. दुखणं वाढलं, डॉक्टरांना फोन करते, असं म्हणून ती वळली.

‘थांबा,’ साहेब म्हणाले. ‘दुखत नाहीये तिला. चहा गार आहे.’

सिस्टरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांचे डोळे नवऱ्यावर होते. सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात, दाढी अर्धवट, आणि वर चहा गार. नजरेनेच त्यांनी एकेकाचा हिशेब मागितला. साहेबांनी बटण सोडून नीट लावलं, तरी आठ्या हलल्या नाहीत. ते मान खाली घालून पलंगाच्या कडेवर बसले आणि डोळे पुसत, पोटभर बोलणी खात राहिले.