महागाईचे पाय

संत्र्याची खोकी ठोकण्यात चंपतरावांचा हात धरेल असा माणूस नागपूरच्या संत्रा बाजारात नव्हता. तोंडात खिळे, हातात हातोडी आणि गप्पा अखंड. तोंडात खिळे असताना हा माणूस बोलतो कसा, हे कुणाला कधी कळलं नाही. पण बोलता बोलता खोकं तयार होई आणि खिळा एकही पोटात जात नसे. तरुणपणी नरखेडकडच्या खेड्यातून ते मामाच्या संत्र्यांबरोबर शहरात आले होते. संत्री पुढे कलकत्त्याला गेली, चंपतराव इतवारीमागच्या एका मोहल्ल्यात राहून गेले.

वर्षभर ते खोकेवाले, पण एका दिवसापुरते मोहल्ल्याचे बडगेवाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या स्त्री-पुतळ्यांची, काळ्या-पिवळ्या मारबतींची, मिरवणूक निघते. त्या मारबतींमागून बडगे निघतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचे पुतळे. लोक पुतळ्याला मनसोक्त शिव्या घालतात, ‘घेऊन जा गे मारबत!’ म्हणून ओरडतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. मोहल्ल्याचा बडग्या चंपतरावांनी करायचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

पण गेल्या वर्षी घात झाला. त्यांचा ‘भ्रष्टाचार’ भर चौकात गुडघ्यांत वाकला आणि एका मिठाईच्या दुकानासमोर चक्क बसला. मागची सगळी मिरवणूक खोळंबली. शेजारच्या मोहल्ल्याचे बडगेवाले देवराव गाडीवरून ओरडले, “चंपत, तुहा बडग्या दमला बे! चहा पाज त्याले!”

हा चहा चंपतरावांना वर्षभर पुरला. बाजारात, नळावर, मारुतीच्या देवळात, जो तो विचारी, “काय चंपतराव, घेतला का त्यानं चहा?” शेवटी मोहल्ल्याचे वडीलधारे दत्तोपंत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, यांनी बैठक बोलावून निकाल दिला. “चंपतराव, तुमच्याबद्दल आदर आहे. पण यंदा पुतळ्याचे पाय वाकले, तर पुढच्या वर्षीपासून आपला बडग्यासुद्धा देवराव करतील.”

“पाय वाकले तर माहे पाय कापा!” चंपतराव म्हणाले आणि तोंडातला खिळा पहिल्यांदाच खाली पडला.

साल चौऱ्याहत्तर. बडग्या कशाचा करायचा, यावर चर्चाच झाली नाही. महागाई! साखर, डाळ, गोडेतेल, सगळंच डोक्यावर जाऊन बसलं होतं. पण रॉकेलनं तर कमाल केली होती. रेशनच्या दुकानापुढे माणसांऐवजी डब्यांची रांग असे आणि डब्यांचे मालक सावलीत बसून डब्यांच्या वतीनं भांडत. वखारीच्या टालीवरचं लाकूड पावसात भिजून असं झालेलं, की चुलीत घातलं तर घरातली माणसं रडत आणि भात मात्र कोरडा राही. शेजारच्या प्रयागबाईंनी एकदा सकाळी भिजवलेली तुरीची डाळ संध्याकाळी तशीच वाढली आणि नवऱ्याला सांगितलं, “अर्धी शिजली हाय, अर्धी पोटात शिजल.” खुद्द दत्तोपंत नातेवाइकांकडे जाताना पिशवीत धुतलेल्या तांदळाचं पातेलं नेत. ख्यालीखुशाली विचारून झाली की म्हणत, “तुमचा स्टो चालूच आहे म्हणून म्हटलं.”

आणि अशा दिवसांत चंपतरावांनी देवळामागच्या टिनाच्या शेडमध्ये महागाई उभी केली. पाय संत्र्याच्या खोक्यांचे, सागवानासारखे ठणठणीत. पोटात कोरडं तणस, भाताचा पेंढा, ठासून भरलेलं. हात जाड फळ्यांचे, खांदे बांबूच्या कामट्यांचे, अंगावर पोत्यांची कातडी आणि वर रंगवलेलं, पिळलेल्या मिशांचं डोकं. पावसाळ्याच्या त्या दिवसांत सगळ्या मोहल्ल्यात कोरडं असं एवढंच होतं. सकाळी बाया मारुतीला नमस्कार करत आणि जाता जाता महागाईकडे अशा बघत, की मारुतीलासुद्धा कुणी एवढ्या भक्तीनं बघितलं नसेल. चंपतरावांना वाटे, कलेची कदर होऊन राहिली.

काही दिवसांनी महागाईचं पोट जरा आत गेलेलं दिसलं.

“तणस बसलं असंल,” चंपतराव स्वतःशी म्हणाले आणि आणखी भरलं. मग डावा हात बारीक झाला. “आकसलं असंल.” पावसाळ्यात लाकूड फुगतं, आकसत नाही, हे खोकेवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण स्वतःच्या बडग्यावर शंका घ्यायला त्यांचं मन धजेना.

शिवाय घरात सुखाचे दिवस आले होते. बायको जयवंता वेळेवर गरम भाकरी वाढू लागली होती.

“आज स्टो बरा पेटला वं?”

“मन लावून पेटवला जी.”

“रोज असंच मन लावत जाय.”

पोळ्याच्या दिवशी तर अख्ख्या मोहल्ल्यात पुरणाचा वास सुटला. जी माणसं परवापर्यंत चुरमुऱ्यांवर होती, त्यांच्या घरून पुरणपोळ्यांची ताटं इकडून तिकडे जाऊ लागली. चंपतराव आडवा हात मारून जेवले, ढेकर दिली आणि उद्याच्या मिरवणुकीसाठी महागाईच्या मिशांवर शेवटचा हात फिरवायला शेडकडे गेले.

महागाईला पाय नव्हते.

पोट नव्हतं, हात नव्हते. आढ्याच्या दोरीला डोकं, खांदे आणि पोत्यांची कातडी तेवढी लोंबत होती, आणि मिशा मात्र जशाच्या तशा पिळलेल्या. चंपतराव तिरमिरीत घरी आले. चुलीपाशी वाकून त्यांनी एक अर्धी जळलेली फळी बाहेर ओढली.

“हा खिळा माहा हाय!”

“असंल,” जयवंता म्हणाली. “आणि पोळी कोणाची खाल्ली?”

“अवं, पण अख्खा बडग्या?”

“म्या रोज एकच फळी आणली. प्रयागबाईनं बी एकच. सगळ्यांईनं एकएकच आणली. दत्तोपंतांच्या घरच्यांईनं दोन नेल्या, पण त्याईच्याकडे पाहुणे होते.” जयवंतानं पदरानं हात पुसले. “तुमीच म्हणता ना, महागाई जाळाची हाय? आम्ही जाळली!”

चंपतराव ओसरीवर डोकं धरून बसले. संत्र्यांचा हंगाम नव्हता, गोदामाला कुलूप होतं, नवं खोकं मिळायची आशा नव्हती. डोळ्यांसमोर देवराव दिसत होते, हातात चहाचा कप घेऊन. चंपतरावांचे डोळे भरून आले. या वेळी चूल पेटलेली नव्हती, तरीही.

जयवंतानं ते पाहिलं. तिला वाईट वाटलं. ती बराच वेळ त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

“अजी, पायच पाहिजेत ना? मंग देवानं तुमाले कायले देले?”

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत महागाई चालत निघाली. बाकीचे बडगे हातगाड्यांवर हिंदकळत होते. चंपतरावांचा बडग्या मात्र स्वतःच्या पायांनी चालत होता, वळणावर वळत होता, खड्डा आला की उडी मारत होता. आत चंपतराव, खांद्यावर कामट्या, पाठीमागे जयवंतानं बैल बांधावा तशी मारलेली गाठ आणि पोत्याला डोळ्यांपुरतं भोक. लोक वेडे झाले.

“अबे, चालून राहिला पाह्य!”

“महागाईच हाय ना, ते कायले थांबते?”

एका म्हातारीनं पुढे येऊन झाडूचा सपकारा दिला. “साखर कुठं नेली रे मुडद्या?”

“म्या नाही नेली मावशी!” आतून आवाज आला.

“बोलते बी!” म्हातारी हरखली आणि तिनं आणखी दोन ठेवून दिले. मग चपला आल्या, बुटांच्या माळा आल्या, सडकी वांगी मात्र आली नाहीत, कारण वांगी सडेपर्यंत कुणी ठेवतच नव्हतं. ‘महागाई घेऊन जा गे मारबत!’ असा गजर उठला की सवयीनं चंपतरावही आतून जोरात ओरडत. गेल्या वर्षीच्या मिठाईच्या दुकानापाशी आल्यावर ते मुद्दाम थांबले आणि गुडघे न वाकवता ताठ उभे राहिले. दत्तोपंतांनी टाळ्या वाजवल्या.

देवराव बाजूनं चालत होते. त्यांची नजर खाली गेली.

“बडग्याच्या पायात चप्पल काहून हाय गा?”

“महागाई हाय, अनवाणी कशी फिरंल?” प्रयागबाई ठसक्यात म्हणाल्या.

गावाबाहेरच्या तलावाकाठी पोचल्यावर चंपतरावांना पहिल्यांदा आठवलं, की बडगे जाळतात.

त्यांनी मागे हात नेऊन गाठ चाचपली. बैलाची गाठ ती, बैलाला सुटत नाही, ती चंपतरावांना काय सुटणार. जयवंता गर्दीत मागे पडली होती. आणि देवराव रॉकेलचा डबा घेऊन पुढे येत होते. “पहिला मान चंपतच्या बडग्याले! असा बडग्या झाला नाही!” ते खरोखर मनापासून म्हणत होते, आणि त्याचाच चंपतरावांना घाम फुटला.

“देवराव, मी हाय गा आत! चंपत!”

“आवाज बी चंपतचाच काढते!” गर्दी खिदळली.

देवरावांनी डबा उचलला आणि महागाईच्या डोक्यावर उपडा केला. डब्यातून एक थेंब पडला आणि त्यामागून एक झुरळ. देवराव डब्यात बघत राहिले. परवाच त्यांनी स्वतः भरून ठेवला होता. गर्दीत त्यांची बायको वच्छला एकदम आभाळाकडे बघू लागली. तिच्या घरीही काल पुरणपोळ्या झाल्या होत्या.

“काडीच लावा बे!” कुणीतरी ओरडलं.

काडीचा आवाज कानावर पडला आणि महागाई पळाली. मिशा, बुटांची माळ, पोतं, सगळ्यासकट. मागे देवराव रिकामा डबा घेऊन, त्यामागे ढोल, त्यामागे हजारभर माणसं, “पकडा! महागाई पळून राहिली!” आणि सगळ्यांत मागे दत्तोपंत, धोतर सावरत, दम लागलेला तरी ओरडत, “पाय बघा! पाय! कुठे वाकताहेत?”

महागाई गल्लीत शिरली, मोहल्ल्यात शिरली आणि सरळ चंपतरावांच्या घरात शिरून तिनं आतून कडी लावली.

दत्तोपंतांनी ओट्यावर टेकून निकाल दिला. यंदाचा बडग्या सर्वोत्तम, बडग्याचं काम चंपतरावांकडेच राहील आणि पुढच्या वर्षीचा बडग्या यापेक्षा जोरात पळाला पाहिजे. देवराव रिकामा डबा उलटसुलट करत घरी गेले.

मागच्या दारानं जयवंता आत आली. चंपतराव भिंतीला टेकून धापा टाकत होते. “सोड वं लवकर, जीव चालला,” ते पोत्यातून म्हणाले. जयवंता मागे गेली, गाठीला हात घातला आणि थांबली. तिनं खांद्यावरची कामटी दोन बोटांनी वाजवून पाहिली.

“अजी, हे तर एकदम वाळली हाय. एक घोट चहा होते.”

“अवं बाई, आधी मले तर काढ!”

“काढतो जी,” जयवंता म्हणाली, आणि तिनं आधी कामटी काढली.